न मोजलेले धक्के

माणूस किती दमला हे मला तक्ता बघून कळतं, असं मी सात वर्षं छातीठोकपणे सांगत आलो. पगारच त्याचा होता. आमच्या हँडबॉल संघात माझं काम एवढंच, की खेळाडूंच्या अंगावर चिप लावायची, सामना संपला की काढून घ्यायची आणि कोण किती पळालं, किती वेगाने पळालं, कितीदा उडी मारली, याचा तक्ता कोचच्या टेबलावर ठेवायचा. चिप बसते पाठीच्या वरच्या बाजूला, एका आखूड घट्ट बनियनच्या खिशात. त्या बनियनला पोरं चोळी म्हणायची. कपडे बदलायच्या खोलीतून "चोळ्या आणा हो मास्तर, चोळ्या!" असा ओरडा सुरू झाला की मी खोकं घेऊन जायचो आणि नंबराप्रमाणे वाटायचो. मी प्रत्येकाच्या हातात प्रगतिपुस्तक देतो म्हणून मी मास्तर.

आठ नंबरची चोळी दाजीची. दाजी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. आम्ही आधी याच संघातून एकत्र खेळलो, मी विंगला आणि तो पिव्होट. मग त्याने माझ्या बहिणीशी लग्न केलं, मी चेष्टेने त्याला दाजी म्हणायला लागलो, आणि आठवड्याभरात गोलकीपरपासून बसच्या ड्रायव्हरपर्यंत सगळे त्याला दाजी म्हणायला लागले. बिचारा एका फटक्यात पंचवीस मेहुण्यांचा दाजी झाला. आमचं दोघांचं मात्र आधीचं अरे-तुरेच चालू राहिलं. माझा गुडघा गेल्यावर मी मैदान सोडून मशीन हातात घेतलं. तो चौतिसाव्या वर्षीही खेळत होता.

ज्यांनी हँडबॉल कधी बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. एका बाजूला सात माणसं, चाळीस मीटरचं मैदान, अर्ध्या अर्ध्या तासाचे दोन डाव. गोलसमोर सहा मीटरवर एक अर्धगोल रेषा असते, तिच्या आत फक्त गोलकीपरने उभं राहायचं. दोन्ही कडांना विंगवाले. त्यांचा सगळा जन्म पळण्यात जातो, आपल्या माणसाने चेंडू हिसकावला रे हिसकावला की ते दुसऱ्या टोकाला सुटलेले असतात. बॅकवाले लांबून उंच उडी मारून फेकतात, त्यांचे खांदे आणि गुडघे कामातून जातात. गोलकीपर फारसा पळत नाही, पण अंगावर गोळीसारख्या येणाऱ्या चेंडूसमोर हातपाय फाकून झेप घेतो, त्याच्या जांघा कायम सुजलेल्या, आणि महिन्यातून एकदा तरी चेंडू तोंडावर बसतो. आणि पिव्होट उभा असतो त्या रेषेवर, समोरच्यांच्या बचावाच्या ऐन मध्यात, गोलकडे पाठ करून. मागून दोन धिप्पाड माणसं त्याला ढकलत असतात, शर्ट ओढतात, पंच दुसरीकडे बघत असला की बरगडीत कोपर घालतात. त्याने हलायचं नाही. तो हलला नाही म्हणजे बॅकवाल्यांना फेकायला फट मिळते. चेंडू त्याच्याकडेच आला तर झेलून, वळून, पडता पडता फेकायचा. पडायचं तर असतंच. उठून परत तिथेच जाऊन उभं राहायचं.

हे सगळं मी रोज डोळ्यांनी बघत होतो. पण तक्त्यात पिव्होटची ओळ कायम सगळ्यात आखूड यायची. विंगवाला साडेचार किलोमीटर, तर दाजी तीन. वेगाने पळणं जवळजवळ काहीच नाही. आणि मी पडलो हाडाचा विंगवाला. जो पळत नाही तो दमत नाही, हे आम्हा लोकांच्या अंगात इतकं मुरलेलं असतं की ते काढायला नवीन अंगच घ्यावं लागेल. मी दाजीला त्याची ओळ दाखवून चिडवायचो, "काय दाजी, आजही उभ्या उभ्याच पगार?"

"मला उभं राहायलाच ठेवलंय, मेहुणे," तो म्हणायचा.

चिपशिवाय दुसरा आकडा सकाळचा, तो मी खेळायचो त्याच्याही आधीपासूनचा. सरावाला येताना दाराशी लावलेल्या कागदावर आपण किती थकलोय ते प्रत्येकाने एक ते दहामध्ये लिहायचं. विंगवाली पोरं सात-आठ लिहून मोकळी व्हायची. गोलकीपर एकदा रागाने अकरा लिहून गेला होता. दाजी रोज तीन. उन्हाळा असो, थंडी असो, आदल्या दिवशी सामना असो, तीन. मी नव्या पोरांना तो कागद दाखवून म्हणायचो, बघा, याला म्हणतात तब्येत.

दाजीच्या आधीचा पिव्होट आता आमचं सामान सांभाळतो. आम्ही त्यांना काका म्हणतो. काकांची मान वळत नाही. त्यांना बाजूला बघायचं असेल तर ते पायापासून अख्खे वळतात. पोरं मुद्दाम त्यांना मागून हाक मारायची आणि ते वळताना फिदीफिदी हसायची. मीही हाक मारलेली आहे, उगाच साळसूदपणाचा आव आणत नाही.

तर त्या वर्षी आम्ही स्पर्धेच्या शेवटच्या चारात पोचलो. शुक्रवारी उपांत्य सामना, जिंकलो तर रविवारी अंतिम. दाजी नेहमी फक्त चढाईला असायचा. बचावाची वेळ आली की तो बाहेर पळायचा आणि त्याच्या जागी एक बचावाचा खास गडी आत यायचा. हँडबॉलमध्ये अशी अदलाबदल कितीही वेळा चालते. मंगळवारी सरावात त्या गड्याचा गुडघा गेला. कोचने मला बोलावलं.

"दाजी दोन्हीकडे खेळेल का? पूर्ण साठ मिनिटं, दोन्ही सामने?"

मला तिथल्या तिथेच हो म्हणायचं होतं. पण जरा वजन राहावं म्हणून मी म्हणालो, "आकडे बघून सांगतो."

"गुरुवारी सकाळी यादी लावायचीय. त्याच्या आत सांग. तू नाही म्हणालास तर मी त्या नव्या पोराला घालतो, हरलो तर हरलो."

कोच वाईट माणूस नव्हता, हे मुद्दाम लिहून ठेवतो. शब्द माझाच चालणार होता.

बुधवारी दुपारी माझी बहीण आली. माझी खोली प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली आहे, छत तिरकं, एका कोपऱ्यात उभंच राहता येत नाही. शेजारच्या खोलीत कपडे धुवायचं मशीन घरघरत असतं. ती औषधांच्या दुकानात कामाला आहे, जेवणाच्या सुट्टीत तशीच निघून आली होती, पांढरा कोट हातावर घेऊन.

"दादा, दोन मिनिटं आहेत का?"

"तुला नाहीत तर कुणाला? बस, चिमे."

ती बसली नाही. "ह्यांना या दोन सामन्यांना खेळवू नकोस."

"का? भांडलात की काय?"

"चेष्टा नको करूस. त्यांचा उजवा हात बधिर होतो. आधी नुसती बोटं व्हायची, आता कोपरापर्यंत जातं. मान मागे केली की वीज गेल्यासारखं होतं म्हणतात, पाठीतून खालपर्यंत. दीड महिना झाला, शर्टाची बटणं मी लावतेय. परवा पिल्लूला उचलायला गेले तर हात उठेचना. मग खाली बसले आणि तिला म्हणाले, ये, तूच चढ माझ्या अंगावर. तिला वाटलं बाबा खेळतायत."

मी काहीतरी बोललो. पिव्होट आहे तो, मुंग्या येणारच, सीझनच्या शेवटी सगळ्यांचंच अंग कुरकुरतं, असलं काहीतरी.

"हे कुरकुरणं नाहीये दादा. मी औषधं विकते, मला एवढं कळतं. मानेचं काहीतरी आहे. डॉक्टरकडे चला म्हटलं की सीझन संपू दे म्हणतात."

मग मी जे केलं ते मला आजही जसंच्या तसं दिसतं. मी स्क्रीन तिच्याकडे फिरवली. सगळ्यांच्या ओळी लावल्या, विंगची, बॅकची, दाजीची. म्हणालो, "हे बघ. अख्ख्या संघात सगळ्यात कमी भार त्याच्यावर आहे. हा बघ विंगवाला, याची काळजी कर हवी तर. आणि हा सकाळचा आकडा बघ, रोज तीन. तो स्वतःच लिहितो."

तिने स्क्रीनकडे बघितलंसुद्धा नाही. "हे किती पळतात ते मी विचारलंच नव्हतं."

मी विचारलं, "त्याने पाठवलंय का तुला?"

ती कोटाची घडी घालत राहिली. घडी आधीच घातलेली होती. "नाही. मी आले होते हे त्यांना कळताही कामा नये."

हे ऐकून माझा जीव भांड्यात पडला. आता लिहिताना लाज वाटते, पण पडला. तो स्वतः काही म्हणाला असता तर मला हातपाय हलवावे लागले असते, डॉक्टर बोलवावा लागला असता, कोचला तोंड द्यावं लागलं असतं. बायकोचा जीव तेवढा खालीवर होणारच, असं म्हणून मी ते सगळं बाजूला सारलं.

"बघतो मी," मी म्हणालो.

"बघतो म्हणजे?"

"बघतो म्हणजे बघतो. माझं कामच आहे ते."

ती गेली. दारातून निघताना ती जरा थांबली होती, पण मी तोपर्यंत परत स्क्रीनमध्ये डोकं घातलं होतं.

गुरुवारी सकाळी दाजी सगळ्यांच्या आधी आला. कागदावर तीन लिहिलं आणि बाकावर बसून राळेचा डबा उघडला. चेंडू हातात पक्का बसावा म्हणून खेळाडू बोटांना राळ लावतात, घोटलेली, मधासारखी चिकट. बोटाच्या टोकांना जराशी पुरते. दाजीने पूर्ण पंजा माखला होता, पार मनगटापर्यंत.

"एवढी राळ?" मी म्हणालो.

"चेंडू निसटतो रे हल्ली."

एवढं बोलून तो माझ्याकडे बघत राहिला. मीही बघत होतो. खोलीत आम्ही दोघंच होतो. तेव्हा मी एक शब्द विचारला असता, हात दाखव म्हणालो असतो, तरी बास होतं. पण चिमीने कळू देऊ नकोस म्हटलं होतं ना, मी शब्दाचा पक्का. शिवाय विचारलं तर उत्तर ऐकावं लागणार.

"पोरांची गाळण उडालीय," मी म्हणालो, "तू मात्र थंड दिसतोस, दाजी."

त्याने डब्याचं झाकण लावलं. ते लावायला त्याला दोनदा प्रयत्न करावा लागला.

मी वर जाऊन कोचला सांगितलं की आकडे उत्तम आहेत. मग तंदुरुस्तीच्या पत्रकावर त्याच्या नावासमोर सही केली. दहा वाजता यादी लागली.

शुक्रवारी तो साठ मिनिटं खेळला. चढाईत रेषेवर, बचावात मधोमध. एका गोलने आम्ही जिंकलो. तक्ता सगळा हिरवा, म्हणजे काळजीचं काही नाही. सामन्यानंतर तो बाकावर चोळी घालूनच बसला होता, बाकीचे आंघोळी करून आले तरी.

"ओढ रे जरा, घामाने चिकटलीय," तो म्हणाला. मी ती त्याच्या डोक्यावरून ओढून काढली. त्याने हात वर केलेच नाहीत, मला ते एकेक करून बाहेर काढावे लागले. दोन्ही खांद्यांवर, पाठीवर, बरगड्यांवर जुने पिवळे आणि नवे निळे डाग एकमेकांवर चढले होते. असली पाठ मी शंभरदा बघितली होती. मी चिप काढून पुसली आणि खोक्यात ठेवली.

रविवारी दुसऱ्या डावातलं चौदावं मिनिट. चेंडू रेषेवर दाजीकडे आला, त्याने तो छाती आणि हात यांच्यामध्ये कसाबसा दाबून धरला, वळला, आणि पाठीवर एक बचावाचा गडी घेऊनच खाली गेला. हनुवटी आधी आपटली. डोकं मागे गेलं. वरून शंभर किलो. असं पडणं एका सामन्यात दहा वेळा होतं, प्रेक्षक नुसते "ओ" म्हणतात आणि पुढचं बघतात. पंचाने आम्हाला पेनल्टी दिली. दाजी गुडघ्यांवर आला, मग हात न टेकवता उठला. मला ते विचित्र वाटलं. उठून तो चालत परत रेषेवर गेला.

पेनल्टीचा गोल झाला, समोरच्यांनी चेंडू बाहेर फेकून घालवला, आम्ही परत चढाईला आलो. बॅकवाल्याने दाजीला सोपा पास दिला. चेंडू त्याच्या छातीवर आपटून खाली पडला. हात वर आलेच नाहीत. प्रेक्षकांत कुणीतरी मोठ्याने हसलं. कोच ओरडला. दाजी आपल्या हातांकडे बघत होता, मग हळूच खाली बसला.

मी धावत पोचलो तेव्हा तो अगदी शांत आवाजात म्हणाला, "हात येत नाहीयेत."

सामना आम्ही दोन गोलांनी जिंकला. मला हे रुग्णवाहिकेत फोनवर कळलं. फोन करणाऱ्याने आधी ते सांगितलं आणि मग दाजी कसा आहे ते विचारलं. समोर दाजी पट्ट्यात मान अडकवून पडला होता. त्याने ऐकलं आणि डोळे मिटले.

मानेतला मणका बऱ्याच दिवसांपासून मज्जारज्जू दाबत होता, सर्जनबाईंनी आम्हाला फोटो दाखवून सांगितलं. मज्जारज्जू जाते ती नळी आधीच अरुंद झालेली, त्यात डोकं जोरात मागे गेलं. पाय वाचले, तो चालेल. हातांचं सांगता येत नाही. "हे एका दिवसाचं नाही," त्या म्हणाल्या. "हात बधिर होणं, मान मागे केली की वीज जाणं, असं काही घरी बोलले नव्हते का? तेव्हाच आणलं असतं तर खेळ थांबवला असता, एवढंच. हात असे गेले नसते."

चिमी माझ्या शेजारी उभी होती. ती माझ्याकडे बघेल असं मला वाटलं होतं. तिने बघितलं नाही. सर्जनबाईंना म्हणाली, "बोलले होते," आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

दोन आठवड्यांनी क्लबच्या सचिवांनी मला बोलावलं. टेबलावर माझी पत्रकं, माझे तक्ते, सकाळच्या आकड्यांचे कागद एका खाली एक नीट लावून ठेवलेले. सचिव खूश होते. "कुठेही बोट ठेवायला जागा नाही," ते म्हणाले. "भार कमी, थकवा तीन, तुमची सही. दुर्दैव म्हणायचं, दुसरं काय. पण तुमचे कागद चोख आहेत हो, मास्तर. बाकीच्या क्लबांनी शिकावं." बुधवारी दुपारी कोण आलं होतं, काय म्हणालं होतं, हे त्या कागदांत कुठे नव्हतं. मी ते तेव्हा लिहिलं नव्हतं आणि आता बोललोही नाही. पाठीवर शाबासकी घेऊन बाहेर आलो.

खाली काका कपड्यांच्या घड्या घालत होते. मी त्यांना म्हणालो, रोज तीन लिहायचा हो, तीन असताना मला कसं कळणार? काका अख्खे माझ्याकडे वळले.

"मीपण तीनच लिहायचो," ते म्हणाले. "माझ्या आधीचापण. पिव्होटने तीनच्या वर लिहायचं नाही. मीच सांगितलं होतं त्याला, तो आला तेव्हा. एकदा पाच लिहिलंस की रेषेवर दुसरा उभा राहतो."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही विंगवाले. तुम्हाला सांगून काय?" त्यांनी घडी पूर्ण केली. "आणि सात वर्षं माणूस रोज तेच लिहितो, असं कधी होतं का रे? तुला एवढा तरी संशय यायला हवा होता."

त्या दिवशी मी खोलीचं दार लावून रविवारच्या सामन्याची चित्रफीत लावली. एक वही घेतली आणि दाजीला धक्का बसला की रेघ मारायची, असं ठरवलं. ढकललं, रेघ. शर्ट ओढला, रेघ. कोपर, रेघ. पडला, रेघ. पहिल्या दहा मिनिटांतच पान भरत आलं. बचावात तोच दुसऱ्यांना थोपवत होता, तेव्हाही रेघा, कारण धक्का देणाऱ्यालाही तो बसतोच. दुसऱ्या डावात तो खाली बसेपर्यंत एकशे एकोणीस झाल्या. यातली एकही माझ्या चिपने मोजली नव्हती. तो एका जागी उभा राहून मार खात होता तोवर चिप म्हणत होती, हा आराम करतोय. मला मशीनचा राग आला, आणि मग मशीनवर राग काढणाऱ्या स्वतःचा त्याहून जास्त. मशीनला डोळे नव्हते. मला होते, आणि मला बहीणही होती.

मग मी ठरवलं की दाजीला सांगायचं. निदान त्याला तरी. तुझी बायको माझ्याकडे आली होती, तिने सगळं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. हे त्याला माहीत नसताना मी रोज जाऊन त्याच्या उशाशी बसायचो, फळं न्यायचो, चेष्टा करायचो, ते मला आता झेपेना.

तो तोपर्यंत घरी आला होता. दिवाणखान्यात खुर्चीवर बसला होता, दोन्ही हात मांडीवरच्या उशीवर ठेवलेले. चिमीने दार उघडलं आणि मला बघून आत स्वयंपाकघरात गेली. पिल्लू जमिनीवर चित्र काढत होती. मी तिला आईकडे जा म्हटलं.

"कसा आहेस?"

"मजेत. तक्ता बघून सांग," दाजी म्हणाला आणि हसला.

मला हसू आलं नाही. मी खुर्ची जवळ ओढली. "दाजी, एक सांगायचंय. मध्ये बोलू नकोस."

"बोल."

"बुधवारी, यादी लागायच्या आदल्या दिवशी, चिमी माझ्याकडे आली होती. तुझ्या हाताचं सांगायला, मानेचं सांगायला. तुला खेळवू नकोस म्हणाली. मी तिला तक्ता दाखवला आणि परत पाठवली. तुला हे तिने सांगितलं नसेल. मला वाटलं, तुला कळायला हवं. तुझे हात माझ्यामुळे गेलेत."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता.

"मीच पाठवलं होतं तिला," तो म्हणाला.

मला आधी समजलंच नाही. "काय?"

"मीच. माझ्या तोंडून येईना रे. दोन-तीनदा तुझ्या खोलीपर्यंत येऊन परत गेलो. एवढी वर्षं तीन लिहून आता कोणत्या तोंडाने सांगू? आणि मी नको म्हणालो असतो तर अंतिम सामन्याच्या तोंडावर दाजीने शेपूट घातली, असंच झालं असतं. तू बाहेर बसवलं असतंस तर कुणी काही म्हणालं नसतं. मास्तरने बसवलं, विषय संपला. म्हणून हिला म्हटलं, तू जा दादाकडे. काय बोलायचं ते दोघांनी बसून ठरवलं. मी पाठवलंय म्हणू नकोस, तेही मीच सांगितलं होतं. तेवढं चुकलं."

"मग मी नाव घातल्यावर तू का..."

"तू सगळं ऐकलं होतंस ना," दाजी म्हणाला. त्याच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं, पण नव्हता. "बुधवारी हिने तुला सगळं सांगितलं आणि तरी गुरुवारी तू माझं नाव घातलंस. मला वाटलं, म्हणजे एवढं काही नसेल. मास्तरने बघितलंय. इतकं हायसं वाटलं मला, की मी घरी येऊन हिची समजूत घातली."